अण्णांची गाडी रुसली होती

आमच्या घरात दोन वयस्कर मंडळी आहेत. एक माझे सासरे अण्णा, वय वर्षं 78. दुसरी त्यांची पद्मिनी. दचकू नका, पद्मिनी म्हणजे गाडी! 1089 सीसीची, दुधी रंगाची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतल्या तिच्या बहिणी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. आमची मात्र पुण्यात अंगणातल्या आंब्याखाली अजून ठाण मांडून आहे.

तिचं दुखणं मोठं चमत्कारिक. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला सुरू. पण तापल्यावर बंद केली, की पुन्हा सुरू होईल तर शपथ!

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही पाचगणीला निघालो होतो. वाईला वीस मिनिटं थांबून उसाचा रस प्यायलो. गाडी सुरू झाली, पण पसरणी घाटाच्या वळणावर गचके खाऊन बंद पडली. मागे गाड्यांची रांग आणि हॉर्नचा कल्लोळ. एक तरुण खिडकीतून ओरडला, ‘‘आजोबा, आता पुरे करा की!’’ अण्णा काही बोलले नाहीत. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात मात्र थरथरत होते.

घरी आल्यावर त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. शनिवारचं मित्रांकडे जाणं बंद झालं, जेवणही कमी झालं. आमचे हे म्हणाले, ‘‘बॅटरी बदलली, प्लग बदलले, कॉइल बदलली. किती पैसे घालायचे? देऊन टाकू भंगारात.’’ अण्णा पानावरून मुकाट्याने उठले. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘‘मला एक महिना द्या.’’

आता मी बी.ए. मराठीवाली, दुपारी शाळेत अर्धवेळ शिकवणारी. इंजिनातलं मला काय कळणार? पण मुलाला ताप आला की आपण वेळा लिहून ठेवतो ना, तशी मी एक वही केली. अण्णांना विनवून रोज गाडी बाहेर काढायला लावायची आणि लिहायचं: किती चालली, किती वेळ बंद ठेवली, पुन्हा सुरू झाली का, पेट्रोलचा वास आला का.

तीन आठवड्यांत वही बोलू लागली. बंद करून लगेच सेल्फ मारला तर सुरू. तासाभराने मारला तरी सुरू. त्रास फक्त दहा मिनिटं ते अर्धा तास या वेळात. सेल्फ जोरात फिरायचा, म्हणजे बॅटरी ठणठणीत. आणि पेट्रोलचा वास अजिबात नाही.

वही घेऊन एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. ते हसले नाहीत, हे विशेष. म्हणाले, ‘‘ताई, वास आला असता तर गाडी ओव्हर झाली, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, असं म्हटलं असतं. इथे पेट्रोल पोचतच नाही.’’

मग त्यांनी समजावलं ते मला स्वयंपाकघरातून कळलं. गॅस बंद केला तरी कुकर लगेच गार होत नाही. गाडी चालू असताना पंखा आणि पाणी उष्णता वाहून नेतात, नळीतून ताजं पेट्रोलही वाहत असतं. गाडी बंद केली की हे सगळं थांबतं आणि तापलेल्या लोखंडाची धग आजूबाजूला पसरते. पेट्रोलमधले हलके अंश चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. नळीत वाफ झाली की पंप ती ओढू शकत नाही. भोक पडलेल्या नळीने रस प्यायला जावं तसं! कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी चालते आणि मग बंद पडते. पसरणीला नेमकं हेच झालं होतं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून बोट ठेवलं. पूर्वी कुणीतरी पेट्रोलची रबरी नळी बदलताना ती गरजेपेक्षा लांब घेतली होती आणि इंजिनाला टेकवून नेली होती. त्यांनी इथेनॉल सोसणारी नवी नळी बेताची कापून धगीपासून दूर बसवली, तिच्यावर उष्णता अडवणारं चंदेरी वेष्टण चढवलं, रेडिएटर साफ केला. नव्या बॅटरीच्या पैशांपेक्षा कमी खर्च आला!

मैत्रिणींनो, तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर एवढं लक्षात ठेवा. वाफ धरली की बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवावं, पंधरा-वीस मिनिटं थांबावं. फडकं विजेच्या तारांपासून दूर असावं. रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. पेट्रोलचा वास येत असेल, तर चोक न ओढता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. पाय वर-खाली करू नये. आणि पेट्रोलमधलं इथेनॉल 2025 साली वीस टक्क्यांवर पोचलं आहे, तेव्हा जुन्या रबरी नळ्या एकदा तपासून घ्याव्यात.

यंदाच्या मे महिन्यात अण्णा स्वतःच म्हणाले, ‘‘सूनबाई, वाईला रस प्यायला जाऊ या का?’’ आम्ही वीस मिनिटं मुद्दाम बसलो. माझा तर रस घशाखाली उतरेना. अण्णांनी किल्ली फिरवली आणि पद्मिनी सुरू झाली. घाटातल्या त्याच वळणावर त्यांनी एकदा हॉर्न वाजवला, उगीचच. हे मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘अण्णा, परत येताना मी चालवू?’’

‘‘बघू,’’ अण्णा म्हणाले.

‘वय झालं’ असं आपण किती पटकन म्हणून मोकळे होतो! माणूस काय नि गाडी काय, आधी दुखणं विचारून घ्यावं. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.