पायचीत, नाबाद आणि अब्बांचा रेडिओ

शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मला बक्षीस मिळालं. ते देणाऱ्या पाहुण्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मुसलमान असून काय छान मराठी बोलतोस रे!" त्यांना कौतुकच करायचं होतं, पण मी घरी आलो तो गप्पच. अब्बांनी शिलाई मशीन थांबवून विचारलं, "क्या हुआ रे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "उनकू बोलना था ना, बाळ पंडित के पास सीखा कर के."

यात थट्टा कमी आणि खरं जास्त होतं. आमच्या घरात दखनी. अम्मीला मराठी बाजारापुरती यायची. अब्बांचं मराठी मात्र दुकानातल्या रेडिओवर पोसलेलं होतं. मराठीतून क्रिकेटचं समालोचन लागलं की ते काज-बटणाची कामं काढून बसायचे. कापायचं काम नाही, कारण चौकार गेला की कात्री भलतीकडेच जायची.

बाळ ज. पंडित पुण्याचे. महाराष्ट्राकडून क्रिकेट खेळलेले. पुढे आकाशवाणीवरून मराठी समालोचन रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. खेळावर पुस्तकंही लिहिली. त्यांच्यापुढची अडचण आज आपल्या लक्षात येत नाही. खेळ इंग्रजांचा, शब्द इंग्रजी, आणि ऐकणाऱ्यांत अनेकांनी मैदान कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. चेंडू पडून सीमेपार जाईपर्यंत जेवढा वेळ, तेवढ्यात चित्र उभं करायचं. त्यासाठी शब्द हातात तयार हवेत. पंडितांनी काही शब्द घडवले, काही रुळवले, आणि ते घरोघर पोचले.

त्या शब्दांकडे मी मोठेपणी नीट पाहिलं. गोलंदाज म्हणजे मुळात तोफेतून गोळा डागणारा. मराठ्यांच्या तोफखान्यातही गोलंदाज होते. त्यातला 'गोळा' आपला आणि 'अंदाज' फारसी, म्हणजे फेकणारा. फलंदाज त्याच धर्तीवरचा. षटक आणि यष्टी संस्कृत. धाव आणि झेल अस्सल मराठी. पायचीत, त्रिफळाचीत यांतलं 'चीत' कुस्तीच्या आखाड्यातून आलेलं. आणि जिथं कुस्ती शिकायची ती तालीम, हा शब्द अरबी. मैदान फारसीतून आलेलं.

म्हणजे "गोलंदाजाने षटकाच्या अखेरच्या चेंडूवर फलंदाजाला पायचीत केले" एवढ्या एका वाक्यात किती जण दाटीवाटीने बसलेत! त्यातल्या कुणालाच कुणी विचारलं नाही, की तू तमका असून इथे कसा? पंडितांनाही कुणी विचारलं नसेल, की पंडित असून फारसी शब्द का वापरता? कारण ऐकणाऱ्यांना ते फारसी वाटतच नव्हते. ते मराठीच होते.

मला त्या दिवशी हेच सांगता आलं नाही. मराठी मी कुणाच्या घरून उसनी आणलेली नव्हती. ती माझ्या अब्बांच्या दुकानात मशीनच्या आवाजात वाजत होती, आणि तिच्यात आमच्या घरातले शब्द आधीपासून होते.

2015 मध्ये बाळ पंडित गेले. मी अब्बांना फोन केला. त्यांनी "इन्ना लिल्लाह" म्हटलं, जसं घरातलं कुणी गेल्यावर म्हणतात तसं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

आता आयपीएलचं मराठी समालोचन मोबाइलवर ऐकू येतं. परवा माझी मुलगी ते ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "पप्पा, नाबाद म्हणजे?"

मी म्हटलं, "अजून खेळतोय तो."