वद्य पक्षातला चंद्र

वसईजवळच्या गिरीजचा चंद्र डोंगरातून येतो आणि समुद्रात जातो. उगवतीला तुंगारेश्वरची रांग, मावळतीला भुईगावचा किनारा. मधल्या पट्ट्यात केळी-माडांच्या वाड्या, बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची तळी, चर्चचे मनोरे, आणि हिरा डोंगरीवरचं दत्तमंदिर. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ मोकळ्या क्षितिजाची असते; ती टळून गेल्यावरही तुंगारेश्वर आम्हाला काही मिनिटं थांबायला लावतो. संकष्टीचा उपास करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. ताट वाढून तयार असतं आणि कोणीतरी अंगणात जाऊन परत येतं, ‘अजून नाही दिसत.’ मावळताना मात्र त्याला अडवणारं काही नाही.

शुक्ल पक्षाचं कौतुक सगळेच करतात. बीज दिसली की हात जोडले जातात, कोजागरीला दूध आटतं, पौर्णिमेला गच्च्या भरतात. चैत्रातली बीज आमच्या अक्षांशावर जवळजवळ आडवी असते, दोन्ही टोकं वर केलेल्या होडीसारखी; आणि कोरीच्या कुशीतला उरलेला गोल मंद राखाडी दिसतो, कारण त्यावर पृथ्वीचाच उजेड परतून पडलेला असतो. हे सारं सुंदर आहेच. पण माझा जीव जडला आहे तो पौर्णिमेनंतरच्या चंद्रावर. रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येत येत तो चतुर्थीला रात्री नवाच्या सुमारास, अष्टमीला मध्यरात्री आणि एकादशीला अडीच-तीनला उगवतो. गाव झोपलेलं असतं तेव्हा तो कामाला निघतो.

त्याची खरी ओळख आहे ती पहाटे उठणाऱ्यांना. वसईच्या या पट्ट्यातली भाजी, फुलं, केळी, विड्याची पानं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली. पहिल्या गाड्या गाठायच्या तर अंधारातच टोपल्या भरून स्टेशनकडे निघावं लागे. वाडीतल्या पायवाटेवर दिवे कुठले? दशमी-एकादशीला माथ्याकडे सरकणारा अर्धामुर्धा चंद्र हाच कंदील, आणि चतुर्दशी-अमावास्येला तोही नाही. वाटेतल्या बावखलाची कड कुठे आहे हे ज्या बायांना पायांनीच कळायचं, त्यांना महिन्यातल्या कोणत्या पहाटे किती उजेड मिळणार हे कोणी सांगावं लागत नसे. गोड्या पाण्याची ती बावखलं आता कित्येक बुजवली गेली. मला त्याचं दुःख पाण्यासाठी होतं तितकंच त्यात उतरणाऱ्या त्या उशिराच्या चंद्रासाठी होतं.

इंग्रजी तारखांच्या हिशेबात महिन्यातून एखादा दिवस चंद्रोदयाविनाच जातो. आज रात्री पावणेबाराला उगवला, तर पुढचा उदय साडेबाराच्या पुढे, म्हणजे परवाची तारीख लागल्यावर. उद्याची तारीख रिकामी राहते. हे वद्य अष्टमीच्या आसपास घडतं. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, म्हणून तिथे हा खंड सरकून अमावास्येजवळ पडतो. आकाशात तेच घडत असतं, पण उदयाविना दिवस अमावास्येला यावा हे मनाला जास्त पटतं.

समुद्राचं चंद्राशी नातं जुन्या माणसांनी पाऊणपटीत बांधून ठेवलं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळी. हिशेब ढोबळ आहे, तरी पाण्यावर जाणाऱ्याला पुरतो. अष्टमीची ती भांगाची भरती, अंगचोर. उधाण पौर्णिमा-अमावास्येचं, आणि त्याचाही खरा जोर एक-दोन दिवसांनी येतो. मिठागरात पाणी घेतात ते या उधाणाचं. आमच्या किनाऱ्यावर चंद्र डोक्यावर आला की साधारण भरती, क्षितिजाला टेकला की ओहोटी. त्यामुळे भुईगावला चंद्र मावळताना पाहायला जावं, तर समुद्र जवळ सापडत नाही. दूरवर ओली वाळू आणि गाळ उघडा पडलेला, आणि त्या ओलीवरून लांबलेला तांबूस पट्टा.

देवांनीही वद्य पक्ष टाळलेला नाही. श्रावण वद्य अष्टमीला कृष्ण जन्मतो तेव्हा अर्धा चंद्र उगवत असतो. जवळच्या निर्मळची यात्रा कार्तिक वद्य एकादशीची, तिच्या रात्री बराच वेळ चांदण्याविना जातात. ईस्टरचंही तसंच. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार, असा चर्चचा हिशेब. म्हणून ईस्टरच्या आदल्या रात्रीचा चंद्र बहुधा उतरणीला लागलेला असतो. २०२४ साली २४ मार्चला सकाळी ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार झाला आणि त्याच संध्याकाळी होळी पेटली. एकाच पौर्णिमेवरून दोन्ही धर्मांनी आपापले दिवस मोजले होते. एकमेकांना लागून घरं असलेल्या आमच्या गावात मला याचा फार आनंद वाटतो.

पौर्णिमेला मी एक सूट देतो, मार्गशीर्षातल्या. दत्तजयंतीला हिरा डोंगरीवर गर्दी असते. सूर्य तेव्हा दक्षिणेला कललेला, म्हणून समोरचा पूर्ण चंद्र उत्तरेकडे सरकून उगवतो. किती उत्तरेला, हे दर वर्षी सारखं नसतं. साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात ती जागा मागेपुढे होते. २०२५च्या आसपास हा झोका उत्तरेकडे टोकाला होता आणि ४ डिसेंबर २०२५च्या दत्तजयंतीच्या रात्री चंद्र आमच्या माथ्याच्याही उत्तरेला गेला. आता उगवायची जागा हळूहळू दक्षिणेकडे येत राहील. २०३४च्या सुमारास ती सुमारे दहा अंशांनी, म्हणजे चंद्राच्याच वीसेक रुंदींनी सरकलेली असेल, आणि तेव्हा मार्गशीर्षाचा पूर्ण चंद्र मध्यरात्री जवळजवळ थेट डोक्यावरून जाईल. डोंगरी चढणाऱ्यांनी यंदाच तुंगारेश्वरच्या रांगेतली उगवतीची खूण पाहून ठेवावी. मुलांनाही दाखवावी, पुढची तुलना त्यांनीच करायची आहे.