हात सैल सोड!

मित्रांनो, हा लेख पुढे वाचण्याआधी एक गंमत करून पाहा. उजव्या हाताची मूठ घट्ट, अगदी दात-ओठ खाऊन आवळा. आता मनगटातली ती ताकद तशीच ठेवा, फक्त बोटं उघडा आणि टेबलावर जमेल तितक्या वेगानं टकटक करा. जमतंय? नाही ना? आता हात धुतल्यावर पाणी झटकतो तसा हात झटका, सैल सोडा आणि पुन्हा टकटक करा. बघा, बोटं कशी पळायला लागली!

एवढीशी गोष्ट. पण ती समजायला मला तबल्याची तीन वर्षं घालवावी लागली, एक स्पर्धा हातची गेली आणि सहामाहीचा भूगोलाचा पेपर अर्धा कोरा द्यावा लागला. त्याचीच ही हकिकत.

आम्ही मिरजेला राहायचो. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. सतारमेकर गल्लीतून शाळेत जाताना कुणी भोपळा तासतोय, कुणी तारा लावतोय, असं रोज दिसायचं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात आणि उरुसात मीरासाहेबांच्या दर्ग्यात मोठमोठ्या कलावंतांचं गाणं-बजावणं व्हायचं. दर्ग्यातला उत्सव खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ. अशा गावात मुलाला काहीच वाजवता येत नाही, हे आईला बरं वाटेना. म्हणून पाचवीत असताना बाबांनी मला तबल्याच्या क्लासला घातलं.

आमचे सर वयस्कर होते. आवाज मऊ, पण शिस्त कडक. तबल्याला पाय लागला तर आधी नमस्कार, मग पुढचं बोलणं. पहिली दोन वर्षं मी शहाण्यासारखा शिकलो. 'प्रवेशिका प्रथम' परीक्षेत चांगले मार्क मिळाले आणि तिथंच डोक्यात हवा गेली.

त्या काळी दूरदर्शनवर एका चहाच्या जाहिरातीत उस्ताद झाकिर हुसेन दिसायचे. कुरळे केस उडताहेत, बोटं दिसेनाशी झाली आहेत! २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते गेले, तेव्हा मला पहिल्यांदा ती जाहिरातच आठवली. ती लागली की मी हातातला घास हातात धरून बघत राही. मला दिसायचा तो फक्त वेग. त्यांचा चेहरा किती हसरा आहे, खांदे किती खाली आणि मोकळे आहेत, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. मी ठरवलं, आपणही असंच सुसाट वाजवायचं.

१९९४ साली मी आठवीत गेलो. डिसेंबरमध्ये आंतरशालेय स्पर्धा होती आणि स्वतंत्र तबलावादनासाठी क्लासतर्फे मीच जाणार, हे जवळजवळ पक्कं होतं. मी घरी दोन-दोन तास 'तिरकिट' घोटायला लागलो. तुमच्यातल्या तबला शिकणाऱ्यांना ठाऊकच असेल, तिरकिटमध्ये चार अक्षरं. 'कि' तेवढं डाव्या हाताचं, बाकीची तीन उजव्या हाताची. म्हणजे वेग वाढवला की सगळा भार उजव्या हातावर. वेग वाढेना, तसा मी जोर वाढवला. दात आवळले, खांदे कानाला लावले, मनगट लाकडासारखं केलं. आवाज मोठा व्हायचा, पण वेग तिथल्या तिथं! शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "अरे, तबला वाजवतोयस की खिळे ठोकतोयस?"

हळूहळू मनगटापासून कोपरापर्यंत ठणका लागायला लागला. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर स्पर्धा जाईल ना! रात्री गुपचूप बाम चोळून झोपायचो. आईनं विचारलंच तर "डोकं दुखतंय" म्हणून थाप मारायचो.

मग ऑक्टोबरात सहामाही आली. भूगोलाच्या पेपराला तिसऱ्या पानावरच हात असा भरून आला, की पेन धरवेना. उत्तरं येत होती, पण लिहिता येत नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन सगळं सांगावं लागलं. आईनं हात बघितला आणि एवढंच म्हणाली, "उद्यापासून तबला कपाटावर!"

बाबा डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी मला एक प्रश्न विचारला, "बोटं कशानं हलतात रे?"

"बोटांतल्या स्नायूंनी," मी म्हणालो.

"चूक! बोटांत स्नायू नसतातच. डावा हात उजव्या हातावर ठेव, कोपराच्या थोडा खाली. आता बोटं हलव. काय लागतं हाताला?"

कातडीखाली काहीतरी वळवळत होतं! डॉक्टरांनी सांगितलं, की बोटं हलवणारे बरेचसे स्नायू असे कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तिथून दोऱ्यांसारखे कंडरे मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचे दोरे असतात ना, तसे. एका बाजूचे स्नायू बोट खाली ओढतात, दुसऱ्या बाजूचे वर उचलतात. एकानं ओढायचं तेव्हा दुसऱ्यानं सोडायचं, असा त्यांचा करार! पण आपण सगळा हात ताठ केला, की दोघंही एकदम ओढतात. रस्सीखेच सुरू होते. बोट हलत नाही आणि स्नायू मात्र दमून जातात. "तू तीन महिने रोज रस्सीखेच खेळलास," डॉक्टर म्हणाले. "आता तीन आठवडे सुट्टी. आणि पुन्हा दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही."

दिवाळी अशीच गेली. फटाक्यांतही मन रमलं नाही. सुट्टी संपल्यावर मी सरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "स्पर्धेला या वर्षी आपली छोटी बसेल."

छोटी म्हणजे आमच्या क्लासमधली सहावीतली मुलगी. माझ्यापेक्षा दीड वर्षानं उशिरा आलेली! पाय पुरत नाहीत म्हणून स्टुलावर बसून पेटी वाजवणारी! मला इतका राग आला, की मी तसाच परत निघालो. सर म्हणाले, "थांब. आधी हात दे बघू."

त्यांनी माझं उजवं मनगट एका बोटावर उचलून धरलं आणि म्हणाले, "सोड." मी म्हणालो, "सोडला, सर." त्यांनी आपलं बोट काढून घेतलं. माझा हात हवेत तसाच राहिला!

सर हसले. "हा सोडलेला हात? हा तर खुंटीवर टांगल्यासारखा राहिला! सोडलेला हात पडतो, बाळ."

त्या दिवशी आम्ही तबला वाजवलाच नाही. फक्त हात पाडत बसलो. पंधरा-वीस वेळा झाल्यावर माझा हात एकदाचा मांडीवर धप्पकन पडला. "आता कळलं?" सर म्हणाले. "हात सैल म्हणजे लुळा नव्हे. जेवढं काम, तेवढीच ताकद. काम झालं की लगेच सुट्टी."

पुढचा महिनाभर मला तिरकिट बंद. फक्त 'ना'. करंगळीशेजारचं बोट शाईच्या कडेला हलकेच टेकवायचं आणि पहिल्या बोटानं चाटेवर वाजवायचं. वाजवून बोट लगेच मागं आलं पाहिजे, तापलेल्या तव्याला लागल्यासारखं. मी बोट दाबून ठेवायचो, त्यामुळे नाद तिथंच मरायचा. सर म्हणायचे, "चामड्याला बोलायचं असतं रे, त्याच्या तोंडावर हात कशाला ठेवतोस?"

ही शाई म्हणजे काय, ठाऊक आहे? लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचे थरावर थर देऊन, दगडानं घोटून ती तयार करतात. नुसत्या चामड्याचा आवाज बेसूर असतो. मधल्या या जडपणामुळे त्यातून निघणारे बारीकसारीक स्वरही एकमेकांशी जुळतात आणि तबला सुरात बोलतो. आपले थोर शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच यावर संशोधन प्रसिद्ध केलं होतं. नोबेल पारितोषिक मिळण्याच्या दहा वर्षं आधी! एवढी करामत कारागिरानं करून ठेवलेली आणि आम्ही बोट दाबून ती मारून टाकत होतो.

लयीसाठी सरांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. एका टिकटिकीला एक 'ना'. आठवडाभर तेवढंच. मग एका टिकटिकीला दोन. मग चार. अट एकच, खांदे वर चढले की पुन्हा पहिल्यापासून! समोर आरसा ठेवला होता, त्यामुळे लबाडी करायची सोय नव्हती.

एके दिवशी मी कंटाळून विचारलं, "सर, असं किती दिवस?" तेव्हा त्यांनी मला उस्ताद अहमदजान थिरकवाँ यांची गोष्ट सांगितली. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथ करणारे ते थोर तबलिये. लहानपणी त्यांची बोटं तबल्यावर अशी थिरकायची, की 'थिरकवा' हेच नाव पडलं, असं सांगतात. "थिरकवा म्हणाले लोक, ठोकवा नाही म्हणाले," सर म्हणाले, आणि मला हसू फुटलं.

स्पर्धेत छोटीला लेहरा धरायचं काम माझ्याकडे आलं. लेहरा म्हणजे पेटीवर तीच ती सुरावट सोळा मात्रांत फिरवत राहायची, म्हणजे तबलजीला समेची जागा कळते. डॉक्टरांची पेटीला हरकत नव्हती. हरकत होती ती माझ्या मनाची! खरं सांगतो, स्टेजवर बसताना माझ्या मनात आलं होतं, हिचं चुकलं तर बरं होईल.

ती वाजवायला लागली. दोन हातांवरून मी तिचे हात पाहत होतो. एवढेसे हात! पण कुठं ओढाताण नाही. बोटं वर फारशी उचललीच जात नव्हती. जवळच्या जवळ, पावसाचे थेंब पडावेत तशी. आणि 'ना' कसा स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा! जे मला महिनाभर सांगितलं जात होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

आणि तेवढ्यात ती चुकली. तिहाईत एक मात्रा सुटली. तिचे खांदे झटकन वर गेले, हात ताठ झाले. तिनं माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मी ओळखले. भूगोलाच्या पेपरात माझे असेच झाले होते.

माझ्या मनातली ती वाईट इच्छा खरी झाली होती, पण आनंद मात्र मुळीच झाला नाही. मी पुढच्या समेचा स्वर मुद्दाम ठसठशीत दिला, मान हलवली आणि हळूच म्हणालो, "हात सोड!" तिनं श्वास सोडला, खांदे खाली आले आणि त्याच्या पुढच्या समेवर ती नेमकी येऊन पडली. सभागृहात टाळ्या झाल्या.

तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. खाली उतरल्यावर म्हणाली, "दादा, तू सम दिली नसतीस तर मी रडलेच असते." मी काहीच बोललो नाही. आपण आधी काय मनात आणलं होतं, ते तिला सांगायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही. आज इथं सांगतोय.

मार्चनंतर सरांनी मला पुन्हा तिरकिट दिलं. मी भीत-भीत सुरुवात केली. घड्याळाच्या एका टिकटिकीला एक पूर्ण तिरकिट, मग दोन. मी वेगाचा विचारच करत नव्हतो, खांद्यांकडे बघत होतो. एकदम लक्षात आलं, की जोर करून जिथं अडायचो ती लय मागं पडली आहे! हात दुखत नव्हता. दार किलकिलं करून आई बघत होती. ती काही बोलली नाही, पण तबला पुन्हा कपाटावर गेला नाही.

तर दोस्तांनो, तुम्ही तबला वाजवा, ढोलकी वाजवा, नाहीतर गणपतीत ताशा वाजवा. काडी किंवा बोट हलकं धरा, खांदे खाली ठेवा, सावकाश सुरू करा. आणि दुखलं तर लगेच घरी सांगा, माझ्यासारखं बाम चोळत बसू नका. परीक्षेत पेन धरतानाही हेच लक्षात ठेवा.

आत्ता हा लेख वाचताना तुमचे खांदे कुठं आहेत? वर? मग सोडा बघू खाली!