कोथरूडहून बालेवाडीस

पुण्याच्या पश्चिमेस, वेताळ टेकडीच्या दक्षिण अंगास पसरलेले कोथरूड हे आज कोणास खेडे वाटणार नाही. शेते गेली, विहिरी बुजल्या, आणि त्यांच्या जागी सहकारी गृहसंस्था, नाट्यगृह, वाचनालये, मंगल कार्यालये व शिकवण्यांचे वर्ग आले. पौड रस्त्यावरील वनाज येथून २०२२ च्या मार्चपासून मेट्रो सुटते. इतके सगळे बदलले, तरी वस्तीचा स्वभाव बदलला नाही. येथे मूल चार वर्षांचे झाले की श्लोक पाठ करते, आठ वर्षांचे झाले की तबल्यास किंवा पोहण्यास जाते, आणि पंधरा वर्षांचे झाले की सर्व काही सोडून परीक्षेस बसते. क्रिकेटविषयी बोलावयाचे तर वडीलधारी मंडळी तासन्‌तास बोलतील. परंतु फुटबॉल म्हटले की तो लष्करच्या किंवा खडकीच्या लोकांचा खेळ, असाच समज पुष्कळ घरांतून आढळतो.

याच कोथरूडपासून दहाबारा किलोमीटरांवर, एका अख्ख्या हंगामभर, हिंदुस्थानातील फुटबॉलचे अजिंक्यपद पुण्याच्या हाताशी आले होते, हे किती घरांस ठाऊक असेल? त्या हंगामाची व त्या वाटेची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाट सोपी आहे. कर्वे पुतळ्यापासून निघावे, पौड रस्त्यास लागावे, डेपो मागे टाकून चढ चढावा, म्हणजे चांदणी चौक येतो. येथील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात सुरुंग लावून पाडला व पुढील वर्षी ऑगस्टमध्ये नव्या पुलांचे जाळे खुले झाले; परंतु ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळी तो अरुंद पूल व त्याखालची गाड्यांची दाटी ओलांडणे, हीच प्रवाशाची पहिली कसोटी असे. तेथून उजवीकडे वळून बाह्यवळण महामार्गाने बावधन, पाषाण-सूस, बाणेर अशी गावे मागे पडतात आणि मुळा नदी जवळ येताच म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल दिसू लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी हे संकुल उभारले गेले. २००८ साली राष्ट्रकुलातील युवकांच्या स्पर्धाही येथेच झाल्या. मुख्य क्रीडांगणाभोवती धावण्याची पट्टी आहे. त्यामुळे प्रेक्षक व खेळाडू यांच्यामध्ये बरेच अंतर राहते आणि चेंडूचा आवाज कानी पडेपर्यंत लाथ मारणारा दोन पावले पुढे गेलेला असतो.

याच मैदानावर ‘पुणे एफसी’ हा संघ खेळत असे. अशोक पिरामल उद्योगसमूहाने तो २००७ साली स्थापन केला. त्याच वर्षी ‘आय-लीग’ या नावाने राष्ट्रीय साखळी स्पर्धा नव्याने सुरू झाली होती. पुण्याचा संघ प्रथम दुसऱ्या श्रेणीत खेळला, २००९ मध्ये बढती मिळवून वरच्या श्रेणीत आला आणि पहिल्याच हंगामात तिसरा आला. पैसे भरून मिळविलेले हे स्थान नव्हते, तर पायरीपायरीने चढून मिळविलेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

साखळी स्पर्धा म्हणजे काय, हे गृहिणींस व मुलांस सांगावयाचे तर परीक्षेचाच दाखला द्यावा लागेल. चषकाची स्पर्धा म्हणजे वार्षिक परीक्षा. एक दिवस वाईट गेला की सर्व संपले. साखळी म्हणजे वर्षभर चालणारी चाचणी. प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळावयाचे, एकदा आपल्या गावी व एकदा त्याच्या गावी. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास शून्य. शेवटी ज्याचे गुण अधिक तो अजिंक्य. येथे दैवाचा भाग थोडा व सातत्याचा मोठा असतो.

२०१२ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन २०१३ च्या मे महिन्यात संपलेल्या हंगामात असे चौदा संघ होते. गोव्याचे चार : चर्चिल ब्रदर्स, डेम्पो, साळगावकर व स्पोर्टिंग. कलकत्त्याचे तीन : ईस्ट बंगाल, मोहन बागान व प्रयाग युनायटेड. मुंबईचा मुंबई एफसी, शिलाँगचा लाजाँग, सिक्कीमचा युनायटेड, तरुण खेळाडूंचा पैलान ॲरोज, एअर इंडिया व ओएनजीसी हे नोकरदारांचे दोन संघ, आणि पुणे. प्रत्येकास सव्वीस सामने. शिलाँगच्या थंडीतून गोव्याच्या उकाड्यात आणि तेथून कलकत्त्याच्या गर्दीत जावयाचे. केवळ भूगोलानेच एखादा संघ थकून जावा.

पुण्याचे शिक्षक होते डेरिक परेरा. ते गोमंतकीय; स्वतः एके काळचे भारतीय संघाचे बचावपटू. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला त्यांनी २००५-०६ चे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले होते. त्यांच्या हाताखालील मंडळी पाहिली म्हणजे जगाचा नकाशाच उलगडे. जेजे लालपेखलुआ हा मिझोरामचा तरुण. अराता इझुमी जपानात जन्मलेला, आई जपानी व वडील भारतीय. त्याने जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले व २०१३ साली तो भारताकडून खेळला. जेम्स मोगा हा दक्षिण सुदानचा. २०१२ च्या जुलैत त्या नवजात राष्ट्राने युगांडाशी आपला पहिला अधिकृत सामना खेळला, त्यात गोल करणाऱ्या दोघांपैकी हा एक. आपल्या देशाच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर ज्याचे नाव लिहिले गेले, असा मनुष्य काही महिन्यांनी बालेवाडीच्या गवतावर पुण्यासाठी धावत होता! ही गोष्ट एखाद्या मोठ्या शहरात घडती, तर शाळेतील मुले त्याच्या स्वाक्षरीसाठी रांग लावती.

आपल्याकडे रांगा लागल्या नाहीत. कलकत्त्याचे संघ येत तेव्हा मात्र क्रीडांगण बरेच भरे. परंतु तो उत्साह बहुतांशी हिंजवडीस नोकरी करणाऱ्या बंगाली तरुणांचा असे, आणि तो पाहुण्यांच्या बाजूने असे. पुण्याच्या बाजूने ओरडणाऱ्यांत ईशान्येकडील विद्यार्थी, लष्कर व खडकीकडील जुने शौकीन आणि काही हौशी तरुण दिसत. कोथरूडची मंडळी विरळा. यास कारणेही होती. सामने पुष्कळदा दुपारचे, गाव दूर, आणि हंगामाचा उत्तरार्ध नेमका फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे शालान्त परीक्षांच्या तोंडावर. ज्या घरात दहावीचा विद्यार्थी, त्या घरात दूरदर्शन संचावरही कापड पडते, तेथे बालेवाडीस कोण जाणार?

त्या वर्षी स्पर्धेत वादळेही झाली. डिसेंबरात कलकत्त्याच्या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यात प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने मोहन बागानचा रहीम नबी जखमी झाला, आणि मध्यंतरानंतर त्याचा संघ मैदानात उतरलाच नाही. प्रथम त्यास स्पर्धेतून बडतर्फ केले, पुढे मोठा दंड करून व मिळविलेले सर्व गुण काढून घेऊन परत घेतले. या गोंगाटात पुण्याचा संघ आपली चाचणी शांतपणे देत राहिला. मे महिना उजाडला तेव्हा पुढे फक्त चर्चिल ब्रदर्स उरले होते, आणि ते पुढेच राहिले. पुणे दुसरे आले, ईस्ट बंगाल तिसरे. अजिंक्यपदाच्या इतक्या निकट पुण्याचा कोणताही फुटबॉल संघ त्यापूर्वी गेला नव्हता. या यशाने २०१४ मध्ये आशियाई संघटनेच्या चषक स्पर्धेत हाँगकाँग, सिंगापूर व ब्रह्मदेशातील संघांशी खेळण्याचा मानही मिळाला.

पुढील हकीकत मात्र दुःखाची आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही दुसरी, झगमगीत स्पर्धा निघाली. तिच्यात चढउताराची पायरी नव्हती; संघाचे स्थान मालकाने मोल देऊन घ्यावयाचे. पुण्याच्या नावाचा एक नवा संघ, एफसी पुणे सिटी, तिच्यात उतरला. त्याच सुमारास कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये आला. एकाच शहरात, एकाच क्रीडांगणावर तीन संघ, आणि प्रेक्षक पूर्वीइतकेच! २०१५ मध्ये भारत एफसी एकच हंगाम खेळून बंद पडला. त्याच वर्षी पुणे एफसीनेही आपला मुख्य संघ मिटविला व त्याची अकादमी पुणे सिटीकडे गेली. पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये उपान्त्य फेरी गाठली. बालेवाडीस बंगळूरशी बरोबरी झाली, परंतु बंगळुरास सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी आशा संपली. २०१९ मध्ये हाही संघ मिटला व त्याची जागा हैदराबादने घेतली. बारा वर्षांत तीन संघ जन्मले आणि तिन्ही गेले.

दोष केवळ नव्या स्पर्धेचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. पहिल्या राष्ट्रीय लीगचे अजिंक्य फगवाड्याचे जेसीटी २०११ मध्ये बंद झाले. महिंद्रा युनायटेड २०१० मध्येच गेले. एअर इंडिया व ओएनजीसी यांना २०१३ मध्ये नव्या नियमांत न बसल्याने वरच्या श्रेणीतून जावे लागले. जे संघ एका मालकाच्या खतावणीवर उभे असतात, ते त्या खतावणीतील एका ओळीने नाहीसे होऊ शकतात. उलट मोहन बागान १८८९ पासून व ईस्ट बंगाल १९२० पासून टिकून आहेत. त्यांनाही अलीकडे उद्योगपतींचा हात धरावा लागला हे खरे. परंतु नाव पुसण्याची कोणाची छाती झाली नाही, कारण त्या नावामागे सभासदांच्या पिढ्या उभ्या आहेत.

आणि येथे कोथरूडकरास विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. ज्या रस्त्याने आपण बालेवाडीस निघतो, त्याच्या आरंभी महर्षी कर्व्यांचा पुतळा आहे. १९०० साली त्यांनी हिंगण्याच्या माळावर आश्रम नेला तेव्हा पाठीशी कोणी धनाढ्य मालक नव्हता. वर्गणीदारांच्या लहान लहान रकमांवर ते काम वाढले व १९१६ मध्ये महिला विद्यापीठापर्यंत पोहोचले. वाचनालये, शिक्षणसंस्था, गायनसमाज, डेक्कन जिमखान्यासारख्या क्रीडासंस्था, सर्व काही याच रीतीने उभारणारा आमचा समाज फुटबॉलच्या बाबतीत मात्र केवळ दुरून पाहणारा राहिला, आणि पुष्कळदा पाहणाराही राहिला नाही. सव्वीस सामन्यांचा हंगाम चालविण्याचा खर्च वर्गणीने भागत नाही, हे खरेच. तथापि ज्या संघाच्या मागे दहा हजार घरे आहेत, तो मिटविताना मालकाला दहा हजार घरांस उत्तर द्यावे लागते. पुणे एफसी मिटला तेव्हा असे उत्तर मागणारे थोडे होते.

सर्वच वाया गेले असे नाही. केरळातील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन पुणे एफसीच्याच अकादमीत शिकला व २०१९ च्या आशियाई चषकात भारताकडून खेळला. म्हणजे बी रुजत होते. शेतास कुंपण नव्हते.

कोथरूडच्या मैदानांवर आता सकाळी फुटबॉलच्या शिकवण्या चालतात. रंगीत पोशाख घातलेली मुले व मुली तेथे धावताना दिसतात आणि त्यांच्या आया कठड्यापाशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या असतात. त्यांना परदेशांतील संघांची नावे तोंडपाठ आहेत. त्यांस कोणी तरी हेही सांगितले पाहिजे की, चांदणी चौकापलीकडे एका वर्षी आपल्याच शहराचा संघ देशात दुसरा आला होता, आणि त्यात जपानचा, मिझोरामचा व दक्षिण सुदानचा असे खेळाडू एकत्र होते. पुढे पुण्यात पुन्हा एखादा संघ उभा राहिला, तर परीक्षेच्या महिन्यातसुद्धा एका दुपारपुरते घर बंद करून सर्वांनी बालेवाडीस जावे. एवढ्याने कोणाचा वर्ग चुकणार नाही.