आजींची औषधांची पिशवी

खांडबाऱ्याच्या परिसरात दिवाळी सरली की पुष्कळ कुटुंबांतील तरुण माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. घरी उरतात म्हातारी माणसे, शाळेत जाणारी नातवंडे आणि खुंटीला टांगलेली औषधांची पिशवी.

अशाच एका घरी आमचे नेहमी जाणे असे. तेथील आजी सत्तरी ओलांडलेल्या. पाड्यावरील रोझरी त्याच सांगत. एके वर्षी मात्र त्या गप्प गप्प राहू लागल्या. प्रार्थनेचे शब्द चुकत, कारण नसता डोळे भरून येत. "फादर, देवाने माझ्याकडे पाठ फिरवली," असे त्या म्हणाल्या, तेव्हा आम्ही त्यांना ईयोबाच्या धीराची आठवण दिली, आशीर्वाद दिला आणि परतलो. आत्म्याच्या कोरड्या काळाविषयी सेमिनरीत आम्ही पुष्कळ शिकलो होतो. खुंटीवरील पिशवीकडे पाहावे, हे मात्र आम्हांस सुचले नाही.

ती पिशवी उघडली एका परिचारिका भगिनीने. तीत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. पती वारल्यावर थोड्या दिवसांसाठी दिलेली झोपेची गोळी आजी वर्षभर घेत होत्या. शिवाय नाक वाहू लागले की दुकानातून आणलेली सर्दीची गोळी होतीच. भगिनी आजींना पिशवीसह रेल्वेने नंदुरबारला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी सांगितलेले वाचकांनीही ध्यानी ठेवावे. उतारवयात यकृत व मूत्रपिंडे यांचे काम मंदावते, म्हणून औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. झोपेच्या काही गोळ्यांचा अंमल दुसऱ्या दिवशीही राहतो. माणूस सुस्त, उदास होतो, तोल जाऊन पडतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामीन असते. त्याने वृद्धांना विस्मरण व भ्रम होऊ शकतो. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दिलेल्या स्टेरॉइडने कोणाची झोप उडते, कोणी चिडतो, तर कोणी खिन्न होतो.

औषधाचा असा मनाशी संबंध असू शकतो, ही शंका जुनीच आहे, आणि तिच्या इतिहासात आपल्या मुंबईचेही नाव आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा ही वनस्पती रक्तदाबावर गुणकारी असल्याचा अनुभव एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि तिची कीर्ती जगभर पसरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे केले. पुढे काही वर्षांतच ते घेणाऱ्या काही रुग्णांत खोल उदासीनता दिसल्याचे डॉक्टरांनी नोंदविले. हा संबंध पूर्वी वाटला तितका पक्का नाही, असे नंतरच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे. तथापि रक्तदाबाची गोळी मनालाही स्पर्श करू शकते, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

म्हणून का औषधे फेकून द्यावीत? मुळीच नाही. झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइडे व रक्तदाबाची काही औषधे एकाएकी थांबविल्यास जिवावर बेतू शकते. जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे. तो मान राखावा, आणि वैद्याला सर्व काही सांगावेही. कोणती गोळी केव्हापासून चालू आहे, दुकानातून काय आणले, पाड्यावरच्या कोणी कोणती जडीबुटी दिली, हे कळल्यावाचून डॉक्टरांनी तरी काय करावे? उदासपणा नव्या गोळीनंतर आला काय, हे घरच्यांनी आठवावे आणि वर्षातून एकदा तरी संपूर्ण पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करावी.

डॉक्टरांनी आजींची सर्दीची गोळी बंद केली आणि झोपेची गोळी काही आठवड्यांत हळूहळू कमी करीत सोडविली. मुलगा आणि सून ऊसतोडीवरून परतली, तेव्हा आजी पुन्हा रोझरी सांगत होत्या. पतीच्या आठवणीने त्या आजही रडतात. त्या दुःखावर गोळी नाही. त्यासाठी आपण जवळ बसावे, एवढेच.

आता आजाऱ्यांच्या भेटीस गेलो की प्रार्थनेपूर्वी आम्ही विचारतो, "आजी, पिशवी कुठे आहे?" देवाने पाठ फिरवली, असे सांगणाऱ्या त्या माउलीला आम्ही हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता.