धुराची वाट

माझ्या अंगी ज्या थोड्या विद्या आहेत त्यांत मनापासून अभिमान वाटावा अशी एकच आहे, आणि ती म्हणजे बंब पेटविण्याची. साताऱ्याच्या आमच्या घरी तांब्याचा बंब अजून रोज पेटतो. तरुण मंडळींनी न्हाणीघरात विजेची व्यवस्था करून घेतली आहे आणि कळ दाबताच पाणी तापते याचे त्यांना मोठे कौतुक आहे. मी मात्र पहाटे मागच्या पडवीत गोणपाटावर बसून शेणी, करवंट्या आणि तुरकाट्या यांचा मेळ घालीत असतो. हा माझा हट्ट आहे असे घरातले म्हणतात. असेल. परंतु थंडीच्या दिवसांत अजिंक्यताऱ्याकडून वारा उतरू लागला की हात शेकावयास तीच मंडळी एकेक करून या हट्टाभोवती येऊन बसतात, हेही येथे नमूद करून ठेवतो.

बंब न पाहिलेले वाचकही आता पुष्कळ असतील, म्हणून त्याची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. तांब्याचे उभे पिंप. त्याच्या पोटातून तळापासून माथ्यापर्यंत आरपार गेलेले एक नळकांडे. नळकांड्याच्या बुडाशी लोखंडी जाळी आणि तिच्याखाली राख पडावयास जागा. जळण नळकांड्यात, पाणी त्याच्या सभोवार, आणि बाजूस तोटी. हवा जाळीखालून शिरते, धूर वरच्या तोंडाने जातो. ही एवढी साधी वस्तू. परंतु ती रुसली म्हणजे भल्याभल्यांच्या डोळ्यांतून पाणी काढते. अशा वेळी नवशिका मनुष्य जळणाला दोष देतो, फुंकणीने फुंकून फुंकून लाल होतो आणि अखेरीस रॉकेल ओततो. जाणता मनुष्य आधी जाळीखाली बोट घालून पाहतो. दहांपैकी आठ वेळा तेथे कालची राख साचलेली असते. ती नसली तर वर नळकांड्यात काजळी धरलेली असते. जळणाची चौकशी त्यानंतर करावी.

पाण्याच्या तक्रारी निराळ्या. साताऱ्यास कासच्या तलावाचे, म्हणजे पठारावर साठलेल्या पावसाचे पाणी येते. त्याने बंबाचे पोट सहसा बिघडत नाही. सांगलीस माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरी विहिरीचे जड पाणी होते. तिच्या बंबाला आतून चुन्यासारखा पांढरा थर चढे आणि पाणी तापावयास दुप्पट जळण लागे. तांबटाकडे नेऊन तो थर खरवडून आणणे हे दिवाळीपूर्वीचे माझे ठरलेले काम असे. सर्वांत मोठा अपराध म्हणजे पाणी न भरता बंब पेटविणे. त्याने सांध्यांचा डाख वितळतो आणि बंब जन्मभर गळत राहतो. (आग पोटात घेणाऱ्याला आपण बंब म्हणतो आणि आग विझवायला धावत येतो त्यालाही बंबच म्हणतो, याची मला नेहमी गंमत वाटते.)

ही विद्या माझ्याबरोबरच संपणार अशी माझी समजूत होती. परंतु २०१९ च्या जानेवारीत, ३० तारखेस सकाळी साडेसातच्या सुमारास, मी पडवीत बसलो असता अक्काच्या मुलीचा अमेरिकेहून फोन आला. ती मिनियापोलिस येथे असते. तिच्याकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजले होते. त्या रात्री त्या शहरात पारा उणे ३३ अंशांपर्यंत उतरला. “मामा,” ती म्हणाली, “आमची फर्नेस बंद पडली आहे. मेकॅनिक उद्या दुपारपर्यंत येऊ शकत नाही म्हणतो. हे कामासाठी परगावी गेले आहेत. घरात अठ्ठावन्न झाले आहे आणि उतरतेच आहे.” तिचे ते अंश फॅरनहाइटचे; आपल्या हिशोबाने सुमारे १४. साताऱ्यात चौदा अंश म्हणजे कानटोपी आणि चहाचा दुसरा पेला. परंतु तिच्या घरात सहा महिन्यांचे मूल होते, आणि भिंतीच्या पलीकडे अशी थंडी उभी होती की नळांतले पाणी गोठून नळ फुटावेत.

मी तिला पहिला प्रश्न विचारला तो फर्नेसचा नव्हताच. “तुझे डोके दुखते आहे का? मळमळते आहे का? वायूची घंटा लावलेली आहे ना?”

ती क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “नाही दुखत, मामा. घंटा आहे. आत्ताच बटण दाबून पाहिली.”

हा प्रश्न मीच का विचारला आणि तो ऐकून ती का गप्प झाली, हे सांगावयाचे तर मला सांगलीस परत जावे लागेल, आणि तेथे जाणे मला सुखाचे नाही.

अक्काने जुने घर सोडून विश्रामबागेत सदनिका घेतली तेव्हा बंब मोडीत गेला आणि न्हाणीघरात गॅसचा गीझर आला. त्यात पाणी साठवावे लागत नाही. तोटी फिरविली की ज्योत आपोआप पेटते, आणि धूर म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. २०११ च्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेलो असता ती म्हणाली की न्हाताना वरच्या झरोक्यातून डोक्यावर गार वारा येतो. मी तत्काळ पुठ्ठा, कात्री आणि चिकटपट्टी मागवून दहा मिनिटांत तो झरोका बंद करून टाकला. वर आपल्या कारागिरीबद्दल चहाही मागून घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा आवाज चालू, आणि हाकेला उत्तर नाही, हे प्रथम भाचीच्या ध्यानात आले. ती तेव्हा महाविद्यालयात शिकत होती. आम्ही दोघांनी मिळून दाराची कडी तोडली. अक्का भिंतीला टेकून बसली होती; शुद्ध नव्हती. गॅलरीत आणून निजविल्यावर काही वेळाने तिने डोळे उघडले. त्या दिवशी आणि त्या रात्री तिला रुग्णालयात प्राणवायू लावून ठेवले होते. गीझर तपासावयास माणूस आला त्याने तो सगळा उलगडून पाहिला आणि सांगितले की यंत्रात काही एक दोष नाही.

ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. बंबाच्या निखाऱ्यांतूनही तोच निघतो. बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत ती त्यामुळेच. आमचा बंब पडवीत होता आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबे, म्हणून आम्ही वाचलो. त्यात माझ्या विद्येचा काही संबंध नव्हता. जाळीखाली बोट घालून पाहण्याची विद्या ज्याने आयुष्यभर मिरविली त्यानेच सख्ख्या बहिणीच्या न्हाणीघराची जाळी बुजविली. भाचीने याबद्दल मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. अक्कानेही नाही.

असो. घंटा ठीक आहे असे कळल्यावर आम्ही फर्नेसकडे वळलो. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या तिने आधीच बदलल्या होत्या. तळघरात जाऊन तिने मला यंत्राचा आवाज ऐकविला : एक लहान पंखा सुरू होई, थोडा वेळ घुमे आणि थांबे, ज्योत येतच नसे. मी गाळणी पाहावयास सांगितली. घरातील हवा ज्या फिल्टरमधून भट्टीत परत जाते तो धुळीने घोंगडीसारखा झाला होता. त्यामुळेही यंत्र तापून बंद पडते, म्हणून मला वाटले, सापडले! तिने नवा फिल्टर घातला, झाकण घट्ट बसविले. ते नीट बसले नाही तरी यंत्र चालत नाही. पुन्हा तेच. घुमणे आणि थांबणे.

झाकणाच्या काचेतून एक तांबडा दिवा लुकलुकत होता. तो किती वेळा लुकलुकतो ते मोजावयाचे आणि दाराच्या आतील बाजूस चिकटविलेल्या तक्त्यात त्याचा अर्थ पाहावयाचा, अशी तेथे रीत आहे. बंबाने असे कधी सांगितले असते तर माझी अर्धी विद्या निरुपयोगी ठरली असती. दिवा तीनदा लुकलुकत होता आणि तक्ता म्हणत होता की दाबाची कळ मिटत नाही. ही कळ म्हणजे धूर बाहेर ओढला जात आहे की नाही हे पाहणारा पहारेकरी. तिची खात्री पटल्याशिवाय ठिणगी पडत नाही आणि गॅस सुटत नाही.

“मामा, एका ओळखीच्यांनी सांगितले की त्या कळीच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या तर ती टाळता येते. एका रात्रीपुरते जोडू का? बाळाचे हात गार पडले आहेत.”

मी इतक्या मोठ्याने नाही म्हणालो की घरातली माणसे पडवीत धावत आली. एका रात्रीपुरतेच, आणि मूल गारठते म्हणून! माझा पुठ्ठाही असाच कोणाच्या तरी सुखासाठी लावलेला होता. मी तिला म्हणालो, “ती कळ खरे बोलते आहे असे धरून चालू. याचा धूर जातो कोठून?”

“याला धुराडे नाहीच, मामा. दोन पांढरे प्लॅस्टिकचे नळ आहेत. ते भिंतीतून बाहेर जातात.”

धूर, आणि प्लॅस्टिकच्या नळातून! माझा विश्वास बसेना. परंतु भाची अभियंता आहे. तिने त्या घाईतही मला दोन वाक्यांत समजावून दिले, आणि बाकीचे मी मागाहून वाचून काढले. त्यांच्याकडच्या जुन्या भट्ट्यांत गॅसच्या उष्णतेचा चौथा-पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, धुराड्यावाटे जाई. नव्या भट्टीत शंभरातील पंचाण्णवच्या आसपास भाग घरात राहतो. त्यासाठी धूर एकामागून एक अशा दोन नळ्यांच्या जुड्यांतून फिरवितात. एक किलो मिथेन जळला म्हणजे सव्वादोन किलो पाण्याची वाफ होते. दुसऱ्या जुडीत धूर इतका निवतो की त्या वाफेचे पाणी होऊन ठिबकू लागते आणि वाफेत दडलेली उष्णताही घरास मिळते. म्हणूनच त्या भट्टीला पाणी वाहून नेणारी नळीही असते, आणि ती तुंबली अथवा गोठली तरीही हीच कळ अडून बसते. भाचीने ती पाहिली. पाणी मोकळे होते. उरलेला धूर कोमट. प्लॅस्टिकला तो सोसतो.

मात्र त्यात एक मेख आहे. बंबाचा धूर आपल्या पायांनी वर जातो, कारण तो तापलेला असतो. त्याच्याबरोबर गेलेली उष्णता आपण फुकट गेली म्हणतो. परंतु तिच्याच बळावर तो घराबाहेर पडत असतो. तेवढी काढून घेतली की धुराला चालण्याचे त्राण राहत नाही, त्याला पंख्याने ढकलावे लागते. मग पंखा चालतो की नाही हे पाहावयास कळ, कळीचे म्हणणे सांगावयास दिवा, आणि दिव्याची भाषा कळावयास तक्ता. काटकसरी माणसाच्या घरी नोकर अधिक लागावेत तसे हे झाले. मला तो व्यवहार तोट्याचा वाटत नाही. एवढ्या थंडीच्या मुलुखात इंधन वाचलेच पाहिजे. परंतु धूर जर दुबळा करावयाचा, तर त्याची वाट दुप्पट जपली पाहिजे.

“ते नळ बाहेर निघतात कोठे?” मी विचारले.

“जिन्याच्या बाजूला,” ती म्हणाली आणि थांबली. “अगं बाई!”

आदल्या दिवशी परगावी जाण्यापूर्वी जावईबापूंनी मोठ्या तत्परतेने दारापुढचे बर्फ ओढून तिला वाट मोकळी करून दिली होती. ओढलेले बर्फ त्यांनी भिंतीशी रचून ठेवले होते, जिन्याच्या बाजूला.

मूल पाळण्यात गुंडाळून ठेवून, अंगावर असतील तेवढी वस्त्रे चढवून आणि फावडे घेऊन ती बाहेर गेली. फोन तिने पाळण्याशी ठेवला होता, म्हणून मला नातवाचा श्वास आणि मधूनमधून त्याचे कुरकुरणे ऐकू येत होते. मी त्याला काहीतरी सांगत होतो. काय ते आता आठवत नाही. तिला परतावयास सात-आठ मिनिटे लागली असतील. हवा आत घेणारा नळ पुरता गाडला गेला होता, आणि धूर सोडणाऱ्याच्या तोंडाशी बर्फाचे कडे धरले होते. दोन्हींची तोंडे तिने हाताने मोकळी केली, सभोवतीची जागा फावड्याने उकरून काढली, आत काही अडकले नाही ना हे विजेरीने पाहिले, आणि मगच तळघरात जाऊन यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. पंखा घुमला. मग ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. “लाल झाले, मामा,” ती कुजबुजली, “पेटली!” निळ्या ज्योतींची रांग लागली म्हणाली. थोड्या वेळाने मोठा पंखा सुरू झाला तो मला साताऱ्यात ऐकू आला. घंटेवर लक्ष ठेव आणि मेकॅनिकला उद्या येऊ देच, असे सांगून मी फोन ठेवला.

वळून पाहतो तो माझा बंब विझला होता. त्या दिवशी राख काढावयाची राहिली होती.

दुपारी सांगलीस अक्काला फोन केला. सगळी हकीकत सांगितली. तारा जोडण्याची गोष्टही सांगितली. तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “मूल ऊबदार झाले ना?” झाले म्हणालो. तिचा गीझर आता न्हाणीघराबाहेर, गॅलरीत टांगलेला आहे. आणि त्या झरोक्याच्या काचा तिने २०१२ साली काढून टाकविल्या त्या अजून बसविलेल्या नाहीत. थंडीत न्हाताना तेथून डोक्यावर गार वारा येतो. ती ते सांगते, आणि मी ऐकून घेतो.