बगेतचं टोक

पॅरिसला राहायला आल्यापासून संध्याकाळी बेकरीच्या रांगेत उभं राहायची सवयच लागली आहे. मी ‘त्रादिस्याँ’, म्हणजे पारंपरिक बगेत, मागते. १९९३च्या सरकारी आदेशाने या पावात ॲडिटिव्ह घालायला बंदी आहे, गोठवायलाही. कागदात गुंडाळलेला, अजून गरम असलेला तो पाव घरी पोचेपर्यंत त्याचं कुरकुरीत टोक हमखास गायब झालेलं असतं. इथे सगळेच तसं करतात, मग लाज कसली!

पावासारखाच साधेपणा इथल्या कपड्यांतही दिसतो, आणि फ्रेंच फॅशनच्या नावाखाली आपण काय काय घेतो! तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टीशर्ट म्हणजे १८५८ साली ठरलेला नौदलाच्या खलाशांचा गणवेश. शेजारच्या बाई दर हिवाळ्यात तोच जुना कोट घालतात, फक्त स्कार्फ बदलतो. जेवायला मात्र ऐसपैस बसतात. पट्टेरी टीशर्टाचे पैसे मी चीजवर घातले, आणि बरंच केलं.